एका जागी घासलेली काच

मोज्यावरचा गुलाबी डाग तिने आधी नखाने खरवडला, मग नाकाशी नेऊन हुंगला, आणि मग मोजाच काढून पर्समध्ये टाकला. पुरावा म्हणून. दहा महिन्यांची लेक पाळण्यात पडल्या पडल्या उघड्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती. जमिनीवर सोडली की सांडलेला कण न् कण टिपायची आणि थेट तोंडात घालायची, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणत. नाव लाडाचं होतं, पण ते ऐकलं की आई हल्ली आधी जमिनीवर नजर फिरवायची.

"अप्पा, हा डाग कसला?"

सासरे दाराशी उभे राहून टॉवेलला हात पुसत होते. जरा जास्तच वेळ पुसत होते. "कुठला? धुताना कशाचा तरी रंग लागला असेल."

"मुंगीचे कपडे मी वेगळे धुते."

"मग वेगळा लागला असेल," असं म्हणून अप्पा चहाचं आधण ठेवायला निघून गेले.

गुलाबी रंगाची घरात एकच वस्तू होती, आणि ती मागच्या खोलीत कडीबंद असायला हवी होती. पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर उभे राहिलेले अप्पा निवृत्त झाले आणि त्यांनी दुर्बिणीचं खूळ डोक्यात घेतलं. दुकानात मिळते तसली नाही. जिच्यात भिंगाऐवजी खोलगट आरसा असतो आणि तो आरसा आपण घरी, आपल्या हातांनी घासून करायचा असतो, तसली. जेवणाच्या लहान ताटलीएवढी, दोन बोटं जाड काच. वाळू भरलेल्या लोखंडी पिंपावर ठेवून त्यांनी ती आठ महिने घासली होती. आधी भरड पावडरीने, मग बारीक, मग त्याहून बारीक. आता शेवटचं पॉलिश चाललं होतं. पिंपावर काळ्या राळेचा थर, त्याला सुरीने पाडलेले चौकोन, त्यावर पाण्यात कालवलेली गुलाबी पावडर, आणि वरून काच पुढे-मागे, पुढे-मागे. आठ वेळा घासायची, हातातल्या हातात थोडी फिरवायची, पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं आणि पुन्हा आठ. घाण्याच्या बैलाने बघितलं असतं तर त्यालाही अप्पांची कीव आली असती.

त्या खोलीत कुणी जायचं नाही असा अप्पांचा दंडक होता. चपलेबरोबर आलेला एक भरड कण काचेखाली सापडला की ओरखडा पडला आणि महिनाभराची मेहनत पाण्यात गेली. म्हणजे मुंगीला बंदी होती ती काचेच्या भल्यासाठी. मुंगीच्या आईलाही बंदीच हवी होती, पण मुंगीच्या भल्यासाठी. राळ तापवायची शेगडी, टर्पेंटाइनची बाटली, पावडरीच्या बरण्या असं सगळं तिथे हाताशी मांडलेलं. तीन महिन्यांपूर्वी तिला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नऊ ते एकची नोकरी मिळाली तेव्हा तिने अप्पांकडून शब्दच घेतला होता. मी परत येईपर्यंत मागच्या खोलीला कडी. घासायचं ते एकनंतर.

"दिला शब्द," अप्पा म्हणाले होते. "तू जा निर्धास्त."

निर्धास्त हा शब्द तिच्या प्रकृतीला मानवणारा नव्हता. तरी ती गेली. मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजताना पहिला महिनाभर तिला प्रत्येक गोल पेशीत मुंगीचं तोंड दिसायचं. मग हळूहळू काम हाताला लागलं, इतकं की लॅबच्या मोठ्या बाईंनी स्वतःहून सांगितलं, "तीन महिने पुरे झाले की कायम करते तुला. पण सही करायची ती नीट विचार करून. मागाहून बाळाचं कारण सांगून सोडून गेलीस तर मला परवडणार नाही. दुसरी मुलगी दारात उभी आहे." सहीला आठ दिवस उरले होते, आणि नेमका तेव्हाच मोजा गुलाबी झाला.

त्यात समोरच्या घरातल्या शिवणवालीने भर घातली. तिचं मशीन खिडकीशी होतं आणि गल्लीतली हालचाल तिच्या सुईइतकीच तिच्या नजरेखालून जायची.

"ताई, एक विचारू? राग नाही ना यायचा?"

"विचारा की."

"तुमची छकुली सकाळी रडत कशी नाही हो? आमची तीन पोरं, घर डोक्यावर घ्यायची. तुमच्याकडे तुम्ही गेलात की चिडीचूप. मी म्हटलं, आजोबांच्या हातात काही जादू आहे की काय!"

शिवणवाली हसली. ही पण हसली, आणि घरी येऊन तिने औषधांचं कपाट उघडून सगळ्या बाटल्या उजेडात धरल्या. खोकल्याच्या औषधाची पातळी जिथल्या तिथे होती. म्हणून काय झालं? बाहेरून काही आणून देत असतील तर?

नवरा छापखान्यातून थकून आला होता. तिने त्याच्यासमोर मोजा ठेवला.

"हे काय?"

"वास घे."

"मी मुलीच्या मोज्याचा वास घेऊ?"

"अरे, पॉलिशची पावडर आहे ती. अप्पा सकाळी काम करतात. मला वचन दिलंय आणि माझ्या पाठीमागे करतात. आणि मुंगी चार तास गप्प पडून राहते. दहा महिन्यांचं मूल असं गप्प राहतं का? कुठेतरी पाणी मुरतंय."

"तू लॅबऐवजी पोलीस खात्यात जायला हवं होतंस," तो म्हणाला. "मला एकट्याने वाढवलंय अप्पांनी, आई नसताना. मी जिवंत आहे ना?"

"तुला कसं वाढवलं ते तुला काय आठवतंय?"

तो हात धुवायला उठला.

मग तिने छडा लावायचं मनावर घेतलं. पावडरीच्या बरणीवर, चिठ्ठीच्या आडोशाला, पेन्सिलीने रेघ मारली. पण दुपारी तिच्या देखत अप्पा चमच्याने पावडर काढायचे, तेव्हा रेघेचा हिशेब बसेना. मग तिने आपला एक लांब केस घेतला आणि सकाळी निघताना मागच्या खोलीच्या दारापासून चौकटीपर्यंत, खाली घोट्याच्या उंचीवर, कणकेच्या खळीने चिकटवला. दार उघडलं की केस तुटणार. एक वाजता परत आली तर केस जागच्या जागी. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. म्हातारा माणूस, नातीवर जीव टाकणारा, आणि आपण त्याच्या दाराला केस चिकटवत फिरतोय.

तरी लक्ष ठेवायची सवय सुटली नाही. एकनंतर मुंगीला भरवताना ती मधल्या खोलीत अशी बसायची की मागच्या खोलीचं दार समोर दिसावं. अप्पा काम करत आणि ही मोजत राही. आठ, फिरवलं, पाऊल. आठ, फिरवलं, पाऊल. तासभरात एकदाही चूक नाही. लेथवरचा माणूस. मग मोजा कसा गुलाबी झाला?

सहीच्या आदल्या दिवशी ती घरी आली तेव्हा अप्पांनी मागच्या खोलीच्या खिडकीला दोन घोंगड्या ठोकल्या होत्या. मुंगी गाढ झोपली होती. तिने सवयीने तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"जरा ये गं आत," अप्पांनी हाक मारली. "चपला बाहेर काढ. तुझा डोळा हवाय मला."

आठ महिन्यांत अप्पांनी तिला पहिल्यांदाच आत बोलावलं होतं. ती दार अर्धं उघडं ठेवून, कान मधल्या खोलीकडे ठेवून, आत गेली. अंधारात पलीकडच्या भिंतीशी लाकडी स्टँडवर आरसा उभा होता. अलीकडे, आठ फुटांवर, एका पत्र्याच्या डब्यात दिवा लावलेला आणि डब्याला सुईने पाडलेलं एक छिद्र. त्या छिद्रातला उजेड आरशावर जाऊन परत यायचा आणि डब्याशेजारी बसवलेल्या छोट्या भिंगातून तो बघायचा.

"छिद्र गोल आहे," अप्पा म्हणाले. "आरसा चांगला असेल तर टिपका गोल दिसायला हवा. मला लांबट दिसतोय. पण माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू. दोष डोळ्याचा की काचेचा, मला ठरवता येईना. तू दिवसभर त्या यंत्रात डोळा घालून बसतेस. तू सांग."

तिने डोळा लावला. टिपका नव्हताच. तांदळाच्या दाण्यासारखी एक उभी रेघ होती. भिंग थोडं मागे ओढलं तर ती आडवी झाली.

"रेघ आहे. आधी उभी, मग आडवी."

"दिवा हलला असेल."

"आरसा फिरवून बघा," ती म्हणाली. लॅबमध्ये काचपट्टीवर काही विचित्र दिसलं की हे ती रोजच करायची. पट्टी फिरवायची, आणि डाग फिरला तर तो पट्टीवरचा, नाही फिरला तर आपल्या भिंगावरचा. "पाव फेरी फिरवा."

काचेच्या पाठीवर अप्पांनी घड्याळासारखे आकडे लिहिलेला कागद डकवला होता. बारा वर होते, तिथे त्यांनी तीन आणले. तिने पुन्हा डोळा लावला.

"फिरली. आता आधी आडवी दिसते, मग उभी. दोष काचेत आहे, अप्पा."

अप्पा पिंपाला टेकून खाली बसले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. आठ महिन्यांचं काम होतं ते. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

"कशाने होतं असं?" तिने हळू विचारलं.

"चष्म्यात सिलिंडरचा नंबर असतो ना, तसं झालंय हे. एका दिशेने काच जास्त घासली गेली आणि आडव्या दिशेने कमी. फिरवायची राहिली की होतं. एका जागी उभं राहून, न फिरवता..."

आणि ते मध्येच थांबले.

ते थांबले नसते तर कदाचित तिच्या लक्षातही आलं नसतं. पण त्या थांबण्यात असं काही होतं की तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि पुढच्या क्षणी सगळं लख्ख झालं.

"तुम्ही तर फिरवता," ती म्हणाली. "आठ घासण्या, मग फिरवणं, मग एक पाऊल. मी रोज समोर बसून मोजतेय. एकदाही चुकला नाहीत."

"तू मोजतेस?"

"मोजते. दुपारी तुम्ही बरोबर करता. मग ही न फिरवता घासलेली केव्हाची?"

तिने खिडकीवरची एक घोंगडी ओढून काढली. उजेड भसकन आत आला आणि अप्पांनी डोळ्यांवर हात घेतला. अंगठ्याच्या नखाभोवती गुलाबी कड होती.

"सकाळी करत होतात ना?"

"...हो."

"आणि माझा केस?"

"पहिल्या दिवशी दिसला नाही, तुटला. मग बघितलं तर चौकटीला खळ." अप्पा खाली बघत होते. "तुझ्या कंगव्यातला दुसरा घेऊन लावला. नंतर रोजच. पस्तीस वर्षं सुताचाही फरक पकडलाय मी, केस सरळ लावायला काय लागतं?"

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मोजा परवडला, डाग परवडला. पण हा माणूस कंगव्यातला केस निवडून, वाकून, गुडघे दुखत असताना जमिनीला टेकून, तिच्या डोळ्यांत धूळ फेकत होता. रोज. आणि मग चहा करून देत होता.

"मुंगीला काय पाजता?"

"काय?"

"सकाळी ती रडत नाही. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. काय देता तिला?"

अप्पांनी तिच्याकडे असं बघितलं की थोबाडीत मारली असती तर बरं, असं तिला वाटलं. ते उठले, बरण्यांमागे हात घालून त्यांनी सुतळीचं एक भेंडोळं काढलं आणि सोडत सोडत मधल्या खोलीत नेलं. एक टोक पाळण्याच्या कडेला अडकवलं आणि दुसरं धरून ते परत पिंपाशी येऊन उभे राहिले. दाराच्या रेषेत, पिंपाच्या एकाच कडेला. डाव्या हाताने दोरी ओढली. पाळणा हलला. उजवा हात त्यांनी राळेच्या थरावर ठेवून पुढे-मागे नेला. दोन्ही हात एका तालात.

"दोरी इथवरच पुरते," ते म्हणाले. "पिंपाला फेरी घालायला गेलो की हातातून सुटते, आणि ती उठते. काच फिरवायची तर दोन हात लागतात. मला वाटलं, दुपारच्या फेऱ्यांत भरून निघेल. सकाळचे चार तास, दुपारचे चार तास. नाही निघालं."

"चांगली लांब दोरी घ्यायची."

"लांब दोरी घेऊन पलीकडे गेलो तर पाळणा दिसत नाही."

अप्पांना बाजूला करून ती त्यांच्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिथे फरशीवर गुलाबी राड्यात दोन पायांचे स्वच्छ ठसे होते. इतके दिवस त्याच जागी उभं राहिल्याचे. तिथून दारातून पाळणा पुरा दिसत होता. मुंगीची उघडी टाच, हलणारं पोट, तोंडाशी धरलेली मूठ. तिने मान जरा इकडे केली, तिकडे केली. पाळण्याखालची जमीन दिसत नव्हती. दाराच्या उजवीकडचा कोपरा दिसत नव्हता. हे तिने मनात नोंदवलं. कारण ते खरंच दिसत नव्हतं.

"मोज्यावर पावडर कशी गेली?"

"पांघरूण सारखं केलं. हात धुतला होता, पण नखात राहते."

"आणि शेगडी? टर्पेंटाइन?"

"शेगडी नाही. शपथ घेतो."

"शब्द पण दिला होतात."

अप्पांनी अंगठ्याच्या नखातली पावडर दुसऱ्या नखाने काढली. मग म्हणाले, "हो. दिला होता."

शेगडीचं खरं की खोटं हे तिला त्या चेहऱ्यावरून ठरवता येईना. माणसाला काचेसारखं पाव फेरी फिरवून बघता येत नाही. मधल्या खोलीत मुंगी कुरकुरली. दोघांचीही मान एकदमच तिकडे वळली आणि दोघंही पाऊल उचलेपर्यंत ती पुन्हा झोपली होती.

"परवा ती पाळण्याच्या कडेला धरून उभी राहिली," ती म्हणाली. "बघितलंत?"

"बघितलं. त्याआधी मंगळवारी पण राहिली होती. सकाळी."

मंगळवारची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. सांगायला गेलं असतं तर कुठून बघितलं हेही सांगावं लागलं असतं. मुंगीचं पहिल्यांदा उभं राहणं तिच्या नजरेतून सुटलं होतं आणि ते या पिंपाशेजारून कुणीतरी पाहिलं होतं. तिला राग आला, आणि त्या रागाखाली आणखी काहीतरी होतं, त्याच्याकडे बघायला आत्ता वेळ नव्हता.

"पंधरा दिवसांत ती पाळण्यातून उतरायला लागेल, अप्पा. खाली उतरली की तुम्हाला इथून दिसणार नाही. मी आत्ताच उभी राहून बघितलं. मग काय करणार होतात?"

"तोवर काच होईल असं वाटलं होतं."

"आणि आता?"

अप्पांनी आरसा स्टँडवरून काढून, खाली बसून मांडीवर घेतला. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "आता मागे जावं लागेल. पार बारीक पावडरीपर्यंत. दोन-अडीच महिने. सकाळच्या चार तासांच्या लोभापायी." मग जरा थांबून, काचेकडेच बघत, "उद्या सही आहे ना तुझी?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोरगा बोलला. म्हणाला, तिला त्रास होईल असं काही करू नका." ते खिन्न हसले. "तेव्हा मी केस लावूनच आलो होतो."

संध्याकाळी ती भांडी जरा जास्तच आपटत होती. नवऱ्याने दोनदा विचारलं, तिने दोनदा "काही नाही" म्हटलं आणि मग सगळंच सांगितलं. तो आधी हसला, दोरीपाशी आल्यावर गप्प झाला, केसापाशी आल्यावर उठून अप्पांच्या खोलीकडे निघाला. तिने त्याला दंडाला धरून बसवलं.

"भांडू नकोस. माझं मी बघते."

"मग सही?"

"सकाळी सांगते."

सकाळी तिने कपाटातून एक कुलूप काढलं. अप्पा मुंगीला कडेवर घेऊन दाराशी उभे होते आणि मुंगी त्यांचा कान पिळत होती. तिने मागच्या खोलीची कडी लावली, तिला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं.

"किल्ली माझ्याकडे राहणार," ती म्हणाली. "एकला येऊन मी उघडीन. मग तुम्ही हवं तितकं फिरा. मुंगी माझ्याकडे. शेगडी पेटवायची ती तो घरी असेल त्या दिवशी."

"बरं."

"हा अविश्वासच आहे, अप्पा. मी उगाच गोड बोलणार नाही."

"नकोच बोलूस," अप्पा म्हणाले. "म्हणजे तू जाणार आहेस?"

"जातेय ना. उशीर झालाय."

"टाटा कर, टाटा कर आईला," अप्पांनी मुंगीचा हात हलवला. मुंगीने टाटा केला नाही. तिला कान सोडायचा नव्हता.

ती बाहेर पडली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि थांबली. घड्याळात बघितलं. परत फिरली, चपला न वाजवता, भिंतीच्या कडेकडेने, मधल्या खोलीच्या खिडकीशी आली आणि पडद्याच्या फटीतून आत डोकावली.

मुंगी पाळण्यात होती. अप्पा पाळण्याला लागूनच फरशीवर बसले होते. डाव्या हाताने पाळणा हलवत होते, आणि उजवा हात, रिकामा, मांडीवर पुढे-मागे चालला होता. एक, दोन, तीन. ओठ हलत होते. आठ झाल्यावर त्यांनी मनगट थोडं वळवलं, जणू काच हातात होती, आणि पुन्हा सुरू केलं.

तिला भरून आलं. पण लगेच दुसरा विचार आला: आपण परत येऊन बघणार हे त्यांना ठाऊक असेल का? केस ओळखणारा माणूस. हे मुद्दाम आपल्याला दिसावं म्हणून तर नाही ना?

समोरून शिवणवालीचं मशीन थांबल्याचा आवाज आला. "ताई? काही विसरलात?"

"नाही नाही," ती खिडकीपासून दूर होत म्हणाली. पर्समध्ये हात घालून तिने किल्ली चाचपली. आहे. मग सहीचं पेन चाचपलं, आणि नऊची वेळ गाठायला ती भराभर चालू लागली.